पखवाजाची धूम गाडीत का लागत नाही? (वॅगनआर, १२ इंची सबवूफर)

प्रीतिसंगम_कराड

नमस्कार मंडळी. गाडीतल्या साउंडचं काम कळणाऱ्यांना विचारायचं आहे. जरा लांबण लावतो, पण अर्धवट माहितीवर उत्तर मागण्यात अर्थ नाही.

मी कराडजवळच्या गावात राहतो. भजनी मंडळात पखवाज वाजवतो, वडिलांनंतर गेली १४ वर्षं. कामासाठी आठवड्यातून दोनदा पुण्याला जाऊन येतो, म्हणजे फेरीला सहा-सात तास गाडीत. तेवढा वेळ भजनं चालू असतात. पखवाजाजवळ मांडी घालून बसलेल्या माणसाला माहीत असतं, धुमेवर, म्हणजे डाव्या खर्जाच्या तोंडावर, लावलेली कणीक नीट बसलेली असली की तिथला 'धा' कानाआधी पोटात लागतो. मला गाडीत तो 'धा' हवा आहे. काचा थरथरवायच्या नाहीत, चौकात कुणाला ऐकवायचंही नाही.

गाडी २०१९ ची वॅगनआर. चार महिन्यांपूर्वी एका दुकानातून सगळं बसवून घेतलं. सबवूफर (फक्त खर्जाचा मोठा स्पीकर) १२ इंची, एकच कॉइल, ४ ओहम, २५० वॅट आरएमएस (सतत पेलणारी ताकद). अँप (अँप्लिफायर) मोनो, ४ ओहमला ३०० वॅट आरएमएस असं त्याच्या पुस्तिकेत आहे, खोक्यावर मात्र १८०० छापलंय. पेटी तयार मिळाली ती घेतली: बाहेरून ५४ × ३६ × २९ सेंमी, फळी १८ मिमी, समोर १० सेंमी व्यासाची नळी आणि ती आत जेमतेम १० सेंमी गेलेली. दारांत साडेसहा इंची स्पीकर. अँपवर बेस बूस्टची खुंटी आहे, ती दुकानदारानेच पूर्ण फिरवून दिली.

होतंय असं की एकच सूर घुमतो. ज्या गाण्यात तो सूर आहे तिथे डिकीचं झाकण बडबडतं आणि बाकीच्या गाण्यांत बेस आहे की नाही कळत नाही. पखवाजाचा 'धा' 'डब' असा येतो, पुठ्ठ्याच्या खोक्यावर थाप मारल्यासारखा. काल टोन वाजवून पाहिले: ८० हर्ट्झ बरा, ६० प्रचंड, ५० ला निम्मा, ४० जवळजवळ नाही. ३० ला आवाज शून्य, नळीतून नुसती फुसफुस, आणि स्पीकरचा पडदा इतका मागेपुढे पळतो की भीती वाटते. रात्री मोठ्या आवाजात प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मंद होतात.

दुकानदार म्हणतो अँप लहान पडतोय, १००० वॅटचा घ्या. पैसे साठवून घेईनही, पण त्याने हे सुटेल का?

दणका_सोलापूर

दादा, एका १२ इंचीने काय होणार? मी दोन १२ इंची आणि मोठा अँप टाकलाय, सिग्नलला शेजारची रिक्षा हलते. दुकानदार बरोबर सांगतोय. वॅट वाढवा.

शिक्षिका_चिपळूण

कराडकर दादा, कृपा करून अजून एक रुपयाही खर्च करू नका. तुमच्या टोनच्या नोंदीतच उत्तर आहे, आणि ती नोंद तुम्ही केलीत म्हणून मी हे लिहू शकते. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते आणि स्वतःच्या गाडीसाठी दोन पेट्या बनवल्या आहेत.

आमच्याकडे नवरात्रात अष्टमीला महालक्ष्मीपुढे घागरी फुंकतात. मोठ्या घागरीचा आवाज खर्जातला, लहान कळशीचा वरचा. फुंकणारीचा दम कितीही असो, घागर आपला सूर सोडत नाही. आत हवा किती, तोंड केवढं आणि मान किती लांब, एवढ्यावर तो सूर ठरतो. हवा जास्त तर सूर खाली, मान लांब तर सूर खाली, तोंड रुंद तर सूर वर. नळी असलेली सबवूफरची पेटी ही तीच घागर आहे.

तुमची घागर कुठे सुरात आहे ते काढू. फळीची जाडी वजा केली की आतलं माप ५०.४ × ३२.४ × २५.४, म्हणजे सुमारे ४१ लिटर. त्यातून स्पीकरचा मागचा भाग आणि नळी धरून तीनेक लिटर गेले, उरले ३८. नळीची लांबी काढायची रीत अशी: व्यास सेंमीत घ्या, त्याचा वर्ग करा, त्याला २३५६२.५ ने गुणा. मग हव्या त्या हर्ट्झचा वर्ग गुणिले लिटर, या संख्येने भागा. आलेल्या उत्तरातून व्यासाच्या ०.७३ पट वजा करा. हेच उलट करून तुमच्या १० सेंमी नळीसाठी सोडवलं तर उत्तर येतं ६० हर्ट्झ. तुम्हाला प्रचंड ऐकू आला तोच टोन.

आता ४० आणि ३० ला काय होतं? पेटीच्या सुराच्या खाली गेलं की नळीतली हवा आणि पडदा एकमेकांच्या विरुद्ध काम करू लागतात. पडदा बाहेर आला की हवा आत ओढली जाते, आवाज आवाजाला खातो. त्या सुरापाशी आणि त्याच्या वर पेटीतल्या हवेचा पडद्याला जो दाब असायचा तोही उरत नाही, म्हणून तो मोकाट पळतो. तुम्हाला भीती वाटली ती योग्य होती. ३० चा टोन मोठ्याने पुन्हा लावू नका, कॉइल आपटून जाईल.

१००० वॅटने इथे काय होईल? ६० चा घुमारा आणखी मोठा होईल आणि ३० ला पडदा आणखी पळेल. वॅट दुप्पट केले तर वाढ फक्त ३ डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. आणि ते बेस बूस्ट: १२ डेसिबलची खुंटी पूर्ण फिरवली म्हणजे त्या पट्टीत अँपकडे १६ पट ताकद मागितली. ३०० वॅटचा अँप ती देऊ शकत नाही, तो लाटेचं डोकं कापतो. तुमचा 'डब' थोडा तिथूनही येत असणार.

नळी लांब करून पेटी ३५ वर आणायची म्हटलं तर ४३ सेंमीची नळी हवी. २५ सेंमी खोलीत ती कोपर लावून वळवावी लागेल. त्याआधी एक फुकटचा प्रयोग करा. जुना टॉवेल घट्ट गुंडाळून नळीत कोंबा, फट राहता कामा नये. पेटी बंद झाली. बंद पेटीत खाली जाताना आवाज उतरतो, पण हळूहळू, सप्तकाला (हर्ट्झ निम्मे झाले की एक सप्तक) १२ डेसिबल या वेगाने. नळीच्या पेटीत तिच्या सुराखाली तो २४ ने कोसळतो.

आणि इथे गाडी तुमच्या बाजूने आहे. आवाजाच्या लाटेची अर्धी लांबी गाडीच्या आतल्या लांबीपेक्षा मोठी झाली की ती लाट गाडीत मावत नाही, मग सबवूफर लाट पाठवत नाही तर आतल्या सगळ्या हवेचा दाब कमी-जास्त करतो. अडीच-तीन मीटरच्या गाडीत हे साधारण ६० ते ७० हर्ट्झच्या खाली सुरू होतं, आणि तिथून खाली सप्तकाला १२ डेसिबलपर्यंत फुकट मिळतात. कागदावर १२. प्रत्यक्षात पत्रा हलतो, फटी असतात, त्यामुळे कमी. तरी बंद पेटीचा उतार आणि गाडीचा चढ एकमेकांना बरेचसे भरून काढतात. वॅगनआरला तर डिकी आणि बसायची जागा एकच आहे, सेदानसारखी मध्ये मागच्या सीटची आणि पत्र्याची भिंत नाही.

गेनवाला_सांगली

राम राम. ताईंनी पेटीचं सांगितलं ते सोळा आणे. मी सांगलीत २२ वर्षं हेच काम करतोय, मला तुमच्या हेडलाइटनी काळजी वाटली.

लाइट मंद होतात म्हणजे अँपला वीज पोचत नाही. मल्टीमीटर घ्या, तीनचारशेत चांगला मिळतो. गाडी चालू ठेवा, ५० चा टोन बऱ्यापैकी आवाजात लावा, आणि दोन ठिकाणी व्होल्ट बघा: बॅटरीच्या टोकांवर आणि अँपच्या टोकांवर. दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक नको. फरक मोठा आला तर एक लांब वायर घेऊन मल्टीमीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं अँपच्या अर्थला (मायनसची, गाडीच्या पत्र्याला जोडलेली वायर) लावा. तिथे ०.२ च्या वर आलं तर अर्थ खराब. दहातल्या सात गाड्यांत मला अर्थच खराब सापडतो. सीटच्या बोल्टखाली वायर दाबलेली असते, खाली रंग तसाच. रंग खरवडून पांढरा पत्रा काढायचा, रिंग टर्मिनल घट्ट बसवायचं, वर ग्रीस. अर्थची वायर हातभरापेक्षा लांब नको आणि प्लसच्या वायरीएवढीच जाड हवी.

वायर तांब्याची आहे का तेही बघा. टोक सोलून चाकूने एक तार खरवडा. आत पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम आहे. तिचा रोध तांब्यापेक्षा दीडपटीहून जास्त. वरचं प्लास्टिक जाड असतं म्हणून वायर जाड वाटते, आत धातू थोडाच.

मग गेन. गेन म्हणजे आवाजाची खुंटी नव्हे, स्टीरिओ आणि अँप यांची जोडी जुळवायची खुंटी आहे. बेस बूस्ट शून्य. स्टीरिओवरचं सगळं ईक्यू (सूर कमी-जास्त करायच्या खुंट्या) सपाट. आवाज पाऊण. स्पीकरच्या वायरी अँपवरून सोडवा, ५० चा टोन लावा, मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून अँपच्या स्पीकर टोकांना लावा. गेन अगदी खालून हळूहळू वाढवा. कुठे थांबायचं? वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. तुमचं २५० गुणिले ४ म्हणजे १०००, वर्गमूळ ३१.६. तिथे थांबा, खुंटीवर पेन्सिलने खूण करा, आणि पुन्हा हात लावू नका.

अँपवरचा लो-पास (वरचे सूर अडवणारी खुंटी) ८० वर. स्टीरिओत दारांच्या स्पीकरला हाय-पास (खालचे सूर अडवणारा) असेल तर तोही ८० वर, म्हणजे दारं खालचं ओझं उचलणार नाहीत.

शिक्षिका_चिपळूण

गेनवाला दादा, यात एक जोडते. ८० चा टोन लावा, दारं आणि सबवूफर दोन्ही चालू ठेवा, चालकाच्या जागी बसा आणि दुसऱ्या कुणाला तरी सबवूफरच्या प्लस-मायनस वायरी अदलाबदल करायला सांगा. ज्या जोडणीत जास्त भरलेला आवाज येतो ती ठेवा. ८० हर्ट्झची लाट ४.३ मीटर लांब असते. डिकीतला आवाज आणि दारातला आवाज तुमच्या कानापाशी एकमेकांना पूरकही होऊ शकतात आणि मारकही, आणि हे गाडीत बसून ऐकल्याशिवाय ठरत नाही. 'धा'ची थाप आणि घुमारा नेमके याच पट्टीत एकत्र येतात, म्हणून तुमच्यासाठी हे महत्त्वाचं.

हायवे_४८

बाकी सगळं नंतर. बॅटरीपासून वायर निघते तिथे, ४५ सेंमीच्या आत, फ्यूज आहे का? अँपवरचा फ्यूज अँपला वाचवतो. बॅटरीपाशी फ्यूज नसेल आणि इंजिनच्या भिंतीतून जाताना वायर पत्र्यावर घासली, तर गाडी पेटते. आजच बघा.

प्रीतिसंगम_कराड

सगळ्यांचे आभार. हायवे_४८ यांचा निरोप वाचून लगेच टॉर्च घेऊन खाली गेलो. फ्यूज नव्हता. प्लसची वायर बॅटरीच्या टर्मिनलवरून सरळ इंजिनच्या भिंतीतल्या भोकात गेलेली, भोकाला रबर नाही, आणि एका जागी प्लास्टिक घासून पांढुरकं झालेलं. चार महिने त्या वायरीवर मी घरच्यांना घेऊन खंबाटकी चढलोय. वायर तिथल्या तिथे सोडवून टोकाला टेप गुंडाळला. दुसऱ्या दिवशी ४० अँपिअरचा फ्यूज, रबरी ग्रोमेट आणि चार गेजची अस्सल तांब्याची वायर आणून गावातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून बसवून घेतली. जुनी वायर खरवडली, आत पांढरी.

अर्थ सीटच्या बोल्टखालीच होता. गेनवाला दादांनी सांगितल्याप्रमाणे बदलण्याआधी मोजून ठेवलं होतं: इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.९, अँपवर ११.८, आणि त्यातले १.१ व्होल्ट एकट्या अर्थवर पडत होते. रंग खरवडून नवीन जागी बसवल्यावर अर्थवर ०.१, अँपवर १३.५. हेडलाइट आता स्थिर.

गेन ३१ व्होल्टला थांबवला. खुंटी निम्म्याच्याही खाली आली आणि तरी आवाज पूर्वीपेक्षा स्वच्छ आहे.

टॉवेलचा प्रयोग सगळ्यात शेवटी, रविवारी सकाळी केला. आधी निराशा झाली, कारण ६० चा घुमारा गेल्यामुळे एकदम सगळं कमी वाटलं. मग टोन लावले. ८०, ६०, ५०, ४०, चारही जवळजवळ सारखे. ४० ला सीटच्या पाठीत जाणवतो. ३० पण आहे, हलका, पण आहे. पडदा शांत. वायरी उलटसुलट करून पाहिल्या, मुलगा डिकीपाशी आणि मी पुढे. उलट्या जोडणीत माझ्या जागी जास्त भरीव येतं, तशाच ठेवल्या. मग पखवाजाचं एक जुनं स्टुडिओत केलेलं रेकॉर्डिंग लावलं. 'धा' आला. मी गाडी अंगणात बंद करून अर्धा तास तसाच बसलो होतो.

दोन प्रश्न उरलेत. टॉवेल काही कायमचा ठेवता येणार नाही, तिथे काय करू? आणि आमच्या मंडळाच्या काकड्याचं रेकॉर्डिंग मी फोनवर केलंय, ते अजूनही पुठ्ठ्यासारखंच वाजतं. स्टुडिओचं छान, आमचं नाही.

गेनवाला_सांगली

फ्यूजचं वाचून अंगावर काटा आला. बरं झालं बघितलंत.

नळी काढून टाका. १८ मिमी प्लायची गोल चकती भोकाच्या मापाची कापून घ्या, मागून एक मोठी चकती जोडून फेविकॉल आणि स्क्रूने बसवा, कडेला सिलिकॉन. एक दिवस वाळू द्या. मग पडदा दोन्ही तळव्यांनी अलगद आत दाबून सोडा: सावकाश परत आला तर पेटी घट्ट, टचकन आला तर कुठेतरी फट आहे. स्पीकर काढलेलाच असेल तेव्हा आत अर्धा किलो पॉलिएस्टर फायबर सैल पसरा, उशीत भरतात तेच. पेटी थोडी मोठी असल्यासारखी वागते. पेटी पट्ट्यांनी किंवा ब्रॅकेटने गाडीला बांधा. जोरात ब्रेक लागला तर १५-२० किलोची वस्तू मागच्या सीटवर येऊन आदळते. नंबर प्लेटच्या मागे आणि डिकीच्या प्लास्टिकखाली फोमची टेप लावा, बडबड निम्मी तिथेच थांबते.

दणका_सोलापूर

ताई, माझ्या पेटीची नळी मोजली. दोन १२ इंचींना मिळून ७० लिटर आणि १० सेंमीच्या दोन नळ्या, प्रत्येकी १२ सेंमी. हिशोब करताना दोन नळ्यांचं काय करायचं?

शिक्षिका_चिपळूण

सोलापूरकर, नळ्या सारख्या असतील तर पेटीचे लिटर नळ्यांच्या संख्येने भागा. म्हणजे प्रत्येक नळीच्या वाट्याला ३५ लिटर धरा आणि तीच रीत वापरा. तुमची पेटी जवळजवळ ५९ वर येते. तुम्हीही एकदा टॉवेल लावून ऐकून बघा. आणि पुढे नळीचीच पेटी करायची असेल तर एका १२ इंचीला ५० लिटर, १० सेंमीची नळी ३३ सेंमी लांब, ही ३४ हर्ट्झला बसते. मात्र मोठ्या आवाजात १० सेंमीतून हवा फुसफुसते, जागा असेल तर रुंद नळी आणि त्या हिशोबाने जास्त लांबी बरी. अँपवर सबसॉनिक फिल्टर असेल तर तो ३० ला लावा, म्हणजे खाली पडदा मोकाट पळणार नाही.

कराडकर दादा, फोनचं सांगते. फोनमधलं रेकॉर्डिंग मुळात बोलणं टिपायला केलेलं असतं. माइक टिचभर, आणि वाऱ्याची घरघर व हाताळण्याचा आवाज जावा म्हणून बऱ्याच फोनमध्ये खालचा पट्टा कापलेलाच असतो. शिवाय आवाज वाढला की फोन आपोआप पातळी खाली ओढतो, म्हणजे थाप पडली की मागचा घुमारा दबतो. जे टिपलंच नाही ते सबवूफर कुठून आणणार? कुणाकडे हातात धरायचा रेकॉर्डर असेल तर मागा. त्यातला लो-कट (खालचा पट्टा कापणारी सोय) बंद करा, आपोआप पातळीही बंद करा, पातळी अशी ठेवा की सगळ्यात जोराच्या थापेला काटा शून्याच्या १० डेसिबल खाली राहील. आणि तो पखवाजापासून दीडेक मीटरवर, धुमेच्या बाजूला ठेवा. टाळकऱ्यांच्या मध्ये ठेवू नका.

प्रीतिसंगम_कराड

उशीर झाला लिहायला, एकादशी होती.

पेटी बंद करून झाली, सुताराने चकती इतकी नेटकी बसवली की भोक होतं हे सांगावं लागतं. फायबर भरलं, बांधून घेतली. रेकॉर्डर मंडळातल्या एकाच्या पुतणीकडे निघाला, ती पुण्यात शिकते. ताईंनी सांगितल्याप्रमाणे धुमेच्या बाजूला, दीड मीटरवर, उशीवर ठेवला. रात्रीचं भजन पूर्ण टिपलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या बुवांना कराडला दवाखान्यात न्यायचं होतं. वय ८१, मला पखवाज त्यांनीच शिकवला, आता हात थरथरतात म्हणून वाजवत नाहीत. गाडीत बसल्यावर काही न सांगता रात्रीचं भजन लावलं. बोलत होते ते बोलायचे थांबले. डोळे मिटून मांडीवर बोटं धरली. पहिला अभंग संपेपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "काल कणीक कमी लावलीस. धूम चढी आहे."

कमीच लावली होती. पीठ संपत आलं होतं.